पुढच्या वेळी उभं राहायचंय, सुरुवात कुठून करू?

यावेळी पत्रांचा विषय बहुतेक एकच आहे. १५ जानेवारीला २९ महापालिकांचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींची होती. मला याचा मनापासून आनंद झाला. सगळ्यांना उत्तरं देणं जागेत बसत नाही, म्हणून चार पत्रं निवडली आहेत, आणि पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात बाकी अनेकांचे प्रश्न येऊन जातात.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, प्रायव्हेट कंपनीत काम करतो. आमच्या गल्लीच्या टोकाला नाला आहे, पहिला मोठा पाऊस झाला की तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरतं, दरवर्षी. ॲपवर तक्रार केली की दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा मेसेज येतो आणि तक्रार बंद, नाला आहे तसाच. यावेळी मतदानाला गेलो तर चार बटणं दाबायची होती आणि एकाही उमेदवाराला मी कधी त्या नाल्यावर उभं बघितलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी आपण उभं राहायचं. घरचे म्हणतात वेड लागलंय, पैसा कुठून आणणार, आणि एकटा नगरसेवक काय करणार. मला पण कळत नाहीये की पाच वर्षं आधी नेमकं करायचं काय?

उत्तर : पाच वर्षं आधी विचारलंस हेच सगळ्यात बरं केलंस, कारण बहुतेक जण फॉर्म भरायच्या आठ दिवस आधी विचारतात आणि तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं.

आधी कायद्याचं बोलू, ते सोपंय. वय २१ पूर्ण हवं, ते तुझं झालंय. तुझं नाव त्याच शहराच्या मतदार यादीत हवं, मग तू शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतोस, फक्त सूचक-अनुमोदक, म्हणजे अर्जावर तुझं नाव सुचवणारे आणि त्याला पाठिंबा देणारे, हे ज्या प्रभागातून लढशील तिथल्या यादीतले लागतात. महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी नसते, विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतात आणि ती प्रभागांत फोडतात, त्या तारखेनंतर नाव घातलं तर ते या निवडणुकीत धरत नाहीत. दरवेळी कितीतरी मुलं इथेच अडकतात, गावाकडच्या यादीत नाव आहे आणि राहतात शहरात, मग ऐनवेळी धावपळ. म्हणून पहिलं काम यादीतलं नाव तपासणं, आज संध्याकाळीच कर.

आणि तपासतोच आहेस तर तुझ्या केंद्राची पूर्ण यादी डाउनलोड करून प्रिंट काढ आणि एका रविवारी ती घेऊन गल्लीत फिर. एकाच सोसायटीची एक विंग एका प्रभागात आणि दुसरी शेजारच्या प्रभागात गेलेली सापडेल, वारलेल्या आजोबांचं नाव अजून आहे, लग्न होऊन गेलेल्या मुलीचं इथेही आहे आणि सासरीही आहे, चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला भाडेकरू अजून यादीत 'राहतोय', आणि समोरच राहणारी १९ वर्षांची मुलगी यादीत नाहीच. दुबार नावांचा घोळ केवढा मोठा आहे ते यावेळी सगळ्यांनीच बघितलं. एकेका नावाचा फॉर्म लोकांना भरून द्यायला लाग, नवीन नावाचा, वगळायचा, पत्ता बदलायचा. या कामात कोणाचा विरोध नसतो, पैसा लागत नाही, आणि दारात उभं राहून माणसं कळतात ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाहीत. निवडणुकीआधी प्रारूप म्हणजे कच्ची यादी येते तेव्हा हरकतींना मोजकेच दिवस मिळतात, तुझ्याकडे तयार वही असेल तर ते दिवस पुरतील.

आता नाला. घरचे विचारतात एकटा नगरसेवक काय करणार, तर आधी हे समजून घे की नगरसेवक स्वतः नाला बांधत नाही, महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आहेत, पाणी, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, बागा, दिवाबत्ती, स्मशानभूमी वगैरे. पण तुझा नाला व्हायचा तर त्याचा कागद असा फिरतो : कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन एस्टिमेट करतो, मग बजेटमध्ये त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या कामाच्या खात्यात, तरतूद आहे का ते बघतात, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, मोठी रक्कम असेल तर स्थायी समितीची, म्हणजे पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीची, मंजुरी, आणि मग वर्क ऑर्डर. यात कुठेही फाइल महिनोन्महिने बसू शकते. चांगला नगरसेवक म्हणजे ज्याला नेमकं माहितीय की आज फाइल कोणाच्या टेबलावर आहे आणि का थांबलीय, आणि जो सभागृहात लेखी प्रश्न टाकून ते रेकॉर्डवर आणतो.

हे तुला आत्ताही शोधता येतं, नगरसेवक व्हायची वाट बघू नकोस. माहिती अधिकाराचा अर्ज कर, १० रुपये फी, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'नाल्याची सगळी माहिती द्या' असं लिहू नको, त्याचं उत्तर येतं की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, प्रत्यक्ष येऊन अवलोकन करा. विचारायचं असं, की अमुक चौक ते अमुक पूल या भागातल्या नालेसफाईचं मागच्या तीन वर्षांचं काम कोणत्या ठेकेदाराला दिलं, वर्क ऑर्डरची प्रत, अदा केलेल्या बिलाची प्रत आणि मोजमाप पुस्तकाच्या त्या पानांची प्रत द्यावी. मोजमाप पुस्तक, ज्याला ऑफिसात सगळे एमबी म्हणतात, त्यात किती लांबी, किती रुंदी, किती खोल गाळ काढला ते लिहिलेलं असतं. ते पान हातात घेऊन नाल्यावर जा, टेप लाव, फोटो काढ. ज्या ठिकाणी कागदावर गाळ निघालाय आणि प्रत्यक्षात झुडपं उगवलीयत तिथे तुला भाषण करायची गरजच पडत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, ते पण ३० दिवसांत करायचं, सोडायचं नाही.

दुसरं म्हणजे बजेट वाचायला शिक. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती फेरफार करून मुख्य सभेकडे पाठवते, हे सगळं साधारण आर्थिक वर्ष संपायच्या आधी चालतं आणि पुस्तक वेबसाइटवर टाकतात. जाडजूड असतं, घाबरू नको, सगळं वाचायचं नाहीये. पावसाळी गटारं आणि नाले यांचं पान काढ, मागच्या वर्षी तरतूद किती होती, सुधारित किती झाली आणि खरंच खर्च किती झाले, हे तीन आकडे शेजारी शेजारी बघ. कितीदा तरी दिसेल की तरतूद होती, खर्च झाला नाही, आणि वर्षाच्या शेवटी तो पैसा वर्गीकरण करून दुसऱ्याच कामाला गेला. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायची पद्धत आहे, तुझ्या शहरात असं काही असेल तर दरवर्षी अर्ज टाक, नसेल तर सुरू करा म्हणून मागणी कर, हा पण एक मुद्दाच आहे की लढायला.

आता कटू भाग. तू ज्या प्रभागावर जीव लावशील तो पाच वर्षांनी त्याच आकाराचा राहील याची खात्री धरू नकोस. २०१७ ला मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग होता, २०२१ मध्ये तीनचा ठरला, २०२२ मध्ये परत चारवर आलं, मग निवडणुकाच लांबल्या आणि शहरं कित्येक वर्षं प्रशासकांच्या हातात राहिली. घटनेत पाच वर्षांची मुदत स्पष्ट लिहिलेली असताना हे झालं, आणि मला हे आपल्या शहरांवर झालेलं मोठं अन्यायाचं प्रकरण वाटतं, कारण त्या काळात तुझ्यासारख्याने तक्रार करायची तरी कोणाकडे. वर आरक्षणाची सोडत असते, निम्म्या जागा महिलांसाठी, मग अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, त्यातून तुझ्या प्रवर्गाला बसणारी जागा निघेल तीच तुझी. म्हणून 'मी अमुक प्रभागाचा भावी नगरसेवक' असे बोर्ड आत्तापासून लावू नको. आजूबाजूच्या तीन-चार वस्त्यांमध्ये ओळख कर, सीमा कशीही फिरली तरी काही माणसं तुझ्या प्रभागात येतीलच.

चार सदस्यांच्या प्रभागात अपक्षाला जड जातं हे खरंय. प्रत्येक मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात, पक्ष पॅनेल करून येतात आणि लोकांना सांगायला सोपं पडतं, चारी ठिकाणी हेच चिन्ह. तुला सांगावं लागतं की फक्त क मध्ये माझं चिन्ह शोधा, आणि चिन्ह तर अगदी शेवटी मिळतं. प्रभागही केवढा मोठा, एकट्याने सायकलवर फिरून होत नाही. यावर मला एकच उपाय खरा वाटतो, की आजपासून तुझ्यासारखे अजून तीन-चार जण शोध, त्यात मुली हव्यातच, आणि वेगवेगळ्या प्रवर्गातले हवेत, म्हणजे सोडत कशीही निघाली तरी तुमच्यातलं कोणीतरी उभं राहू शकेल आणि बाकीचे त्याच्यासाठी काम करतील. यात अहंकार आडवा येतो, तो आत्ताच बोलून मोकळे व्हा.

पक्षात जाऊ का हे तू विचारलं नाहीस पण विचारशीलच. मी पक्षाला वाईट म्हणणार नाही, शहराचे मोठे निर्णय शेवटी सभागृहात संख्येवर होतात आणि एकट्याचा आवाज तिथे पुष्कळदा बुडतो. पण तिकिटासाठी शेवटच्या महिन्यात जाऊ नको. जायचं तर आत्ता जा, बूथचं काम कर, आणि स्थानिक नेत्याला सरळ विचार की पक्षाच्या माणसाच्या ठेक्यावर मी प्रश्न विचारला तर चालेल का. त्याचा चेहरा बघूनच कळेल. आणि हे पण लक्षात ठेव की महापालिकेलाही पक्षांतरबंदी आहे, १९८६ चा वेगळा कायदाच आहे, त्यामुळे चिन्हावर निवडून येऊन नंतर मनासारखं इकडेतिकडे जाता येत नाही, अपक्षालाही निवडून आल्यावर वाटेल तेव्हा पक्षात शिरता येत नाही.

पैशाचं. यावेळी खर्चाची मर्यादा महापालिकेच्या वर्गानुसार ९ लाखांपासून १५ लाखांपर्यंत होती. ती मर्यादा आहे, तेवढे घालायलाच पाहिजेत असं कुठेही नाही. कर्ज काढून लढू नको, हे मी अगदी हात जोडून सांगते, घर गहाण ठेवून निवडून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून वसुलीच्या विचारात असतो. आणि पैशापेक्षा मोठी अडचण माणसांची असते, प्रत्येक बूथवर दिवसभर बसणारा, यादी माहीत असलेला, संध्याकाळी मशीन सील होईपर्यंत न उठणारा माणूस लागतो. तो विकत मिळतो तसा टिकत नाही. नाल्याच्या पाण्यात ज्यांची गादी भिजलीय ते लोक बसतील, जर तू पाच वर्षं त्यांच्याबरोबर असशील तर.

घरच्यांशी बसून दोन-तीन गोष्टी तपासून घे, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको, घरावर विनापरवाना बांधकाम नको, आणि तुझा स्वतःचा महापालिकेच्या कुठल्या ठेक्यात हिस्सा नको. यावरून अर्ज उडतात, निवडून आलेल्यांची पदंही गेलीयत.

आणि आईबाबांनी परत 'एकटा काय करणार' म्हटलं तर त्यांना महात्मा फुल्यांचं सांग. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेच्या पैशातून स्वागताचा थाट करायचं ठरलं, तेव्हा फुल्यांनी विरोध केला, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. ठराव अडला नाही. पण आज दीडशे वर्षांनी स्वागत कोणाच्या लक्षात नाहीये, विरोध आहे.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे, नुकतंच शिक्षण संपलं. आमच्या भागात पुढच्या वेळी महिला राखीव जागेसाठी तिला उभी करा असं काही मंडळी म्हणतायत. कारभार तिचे काका बघतील, तिला फक्त सही करायची. स्थळं बघायची वेळ आहे, तिला त्रास तर होणार नाही ना?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात काकांचं मत आहे, मंडळींचं आहे, तुमची काळजी आहे, मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. आधी तिला विचारा.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये ५० टक्के जागा महिलांना आहेत आणि त्या बायकांनी लढून मिळवल्यात, काकांसाठी नाही. 'फक्त सही' हा शब्द फार धोक्याचा आहे हो. शपथपत्रावर सही तिची, सभेच्या हजेरीवर सही तिची, शिफारसपत्रावर सही तिची, उद्या चौकशी लागली तर नोटीस पण तिच्याच नावाने येणार, काकांच्या नाही. सभागृहात तिच्या खुर्चीवर काकांना बसता येत नाही.

तिला खरंच इच्छा असेल तर मात्र अडवू नका, वय लहान आहे म्हणून तर मुळीच नको. तिरुवनंतपुरममध्ये आर्या राजेंद्रन डिसेंबर २०२० मध्ये महापौर झाल्या तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या, कॉलेजात शिकत होत्या. आपल्याकडे देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरला नगरसेवक झाले ते २२ व्या वर्षी. पक्ष कुठलाही घ्या, विशीतली मुलं हे काम करू शकतात. मुलीला म्हणावं, एक दिवस महापालिकेच्या मुख्य सभेत प्रेक्षक गॅलरीत जाऊन बस, पास काढून जाता येतं. घरी आल्यावर ती स्वतःहून बोलायला लागली, अमुक बाई छान बोलल्या, तमुक विषय मला कळला नाही तो शोधते, तर समजा की तिला यायचंय. आणि लग्नाचं म्हणाल तर ज्या घराला सूनबाईंचं नगरसेवकपद अडचणीचं वाटेल ते स्थळ आधीच कळलं तर बरंच की.

प्रश्न : मी या निवडणुकीत अपक्ष उभी होते, वय २८. अनामत गेली. इतकी कमी मतं पडली की माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमधल्यांनीही दिली नसावीत असं वाटतंय. बाहेर पडावंसं वाटत नाही. पुढे काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी एक कोरडं पण तातडीचं काम. खर्चाचा हिशोब निकालापासून ३० दिवसांत द्यायचाच असतो, हरलात तरी द्यायचा, एक रुपया खर्च केला असेल तरी द्यायचा. नाही दिला तर आयोग अपात्र ठरवू शकतो आणि पुढच्या वेळी फॉर्मच भरता येणार नाही. मन लागत नसेल तर मैत्रिणीला शेजारी बसवा, बिलं लावा, देऊन टाका आणि पोच घ्या.

मग थोडे दिवस जाऊ द्या. वाईट वाटणारच, तुम्ही दारोदार जाऊन स्वतःचं नाव सांगितलं, त्यानंतर असा आकडा दिसला की लागतं ते. पण बिल्डिंगमधल्यांनी दिली नसावीत हे अंदाजाने मनात ठेवू नका. मोजणी मशीननुसार होते, त्यामुळे केंद्रनिहाय आकडे मिळतात, ते निवडणूक कार्यालयातून घ्या आणि नकाशावर मांडा. बहुतेक वेळा असं दिसतं की जिथे स्वतः दोनदा गेलो तिथे मतं आहेत आणि जिथे फक्त पत्रक गेलं तिथे काहीच नाही. चार सदस्यांच्या प्रभागात अजून एक बघा, तुमच्या जागेच्या नोटाला किती मतं पडली, कारण ते लोक केंद्रापर्यंत आले, बटण दाबलं, पण त्यांना कोणीच पटलं नाही. ते तुमचे होऊ शकतात.

प्रचारात लोकांनी तुम्हाला जे प्रश्न सांगितले ते वहीत असतीलच. ती यादी स्वच्छ लिहून निवडून आलेल्या चारही नगरसेवकांना नेऊन द्या, प्रत्येकाला वेगळी, सही-शिक्का घेऊन, आणि ज्यांनी तो प्रश्न सांगितला होता त्यांना जाऊन सांगा की मी पुढे दिलाय. हरलेली बाई परत आपल्या दारात आली हे लोक विसरत नाहीत. लोकांनी तुम्हाला नाकारलंय असं मला वाटत नाही, त्यांना तुम्ही अजून माहीतच झाला नाही आहात.

प्रश्न : आम्हा मित्रांना निवडणूक नाही लढवायची, पण शहरासाठी काहीतरी करायचंय. आमच्यातला एक जण सरकारी नोकरीत आहे. काय काय करता येईल?

उत्तर : सरकारी नोकरीतल्या मित्राने प्रचारापासून लांब राहावं, १९७९ च्या वर्तणूक नियमांत ते बसत नाही, मत द्यावं आणि शांत बसावं. नागरिक म्हणून रस्त्याची तक्रार मात्र त्यालाही करता येते.

बाकीच्यांसाठी दोन दारं आहेत आणि दोन्ही फारशी कोणी वाजवत नाही. एक, तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असतात आणि महाराष्ट्राच्या कायद्यात त्यावर स्वयंसेवी किंवा वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नामनिर्देशित करायची सोय आहे. पुष्कळ ठिकाणी या जागा एकतर रिकाम्या राहतात नाहीतर कार्यकर्त्यांना वाटल्या जातात. तुमची नोंदणी केलेली संस्था असेल तर अर्ज करा, नसेल तर ज्यांची आहे त्यांच्याबरोबर काम सुरू करा. दुसरं, क्षेत्र सभा. २००९ मध्ये कायद्यात आलीय, गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा, नगरसेवकाने घ्यायची, आणि तुमच्या भागातल्या कामांचा प्राधान्यक्रम तिथे ठरवायचा. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी हे नावच पहिल्यांदा ऐकलं होतं.

आत्ता नवीन सभागृह बसलंय, नगरसेवकही नवीन उत्साहात आहेत, त्यामुळे ही वेळ चांगली आहे. एक पानी अर्ज लिहा, 'आमच्या भागाची क्षेत्र सभा कधी घेणार ते लेखी कळवावं', खाली वीस-पंचवीस मतदारांच्या सह्या, प्रत्येकापुढे यादीतला अनुक्रमांक, एक प्रत चारही नगरसेवकांना, एक आयुक्तांना आणि एक नगरसचिवांना. आवक क्रमांकासकट पोच घ्या, महिन्याने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून दुसरं पत्र द्या. आणि काय उत्तर आलं ते मला इथे कळवा, मी छापते.